वेड्यावाकड्या कणाची रुजवात

तारकांमधील धूळ गोल नसते. तरीही तिच्यावर पडलेला प्रकाश कोणत्या दिशेस किती विखुरतो, याचे गणित दीर्घकाळ गोलाच्याच आधारे मांडले गेले. १९०८ साली गुस्टाव मी यांनी सुवर्णाच्या सूक्ष्म कणांचे रंग उलगडताना गोलासाठी जे नेमके उत्तर सिद्ध केले, तसे उत्तर कंगोरेदार कणासाठी उपलब्ध नव्हते. १९७३ साली एडवर्ड पर्सेल व कार्लटन पेनिपॅकर यांनी त्यासाठी द्विध्रुवांची रीत मांडली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतही संमिश्र धूलिकणांचा अभ्यास याच रीतीने झाला आहे.

या कामास बसलो, की प्रथम कणाचा देह घनाकार जाळीवर मांडायचा आणि जो बिंदू त्याच्या हद्दीत येईल, त्यावर एकेक विद्युत्-द्विध्रुव नेमायचा. येणारा तरंग प्रत्येक द्विध्रुवास आंदोलित करतो. परंतु प्रत्येकाचे आंदोलन उरलेल्या सर्वांनाही हलवीत असल्यामुळे, इतरांस वगळून एकाचेही मूल्य ठरविता येत नाही. बाजूस ३२ बिंदू असलेला घन घेतला, तरी द्विध्रुव ३२,७६८ होतात, अज्ञात राशी ९८,३०४ होतात आणि त्यांच्या परस्परसंबंधांच्या कोष्टकात साडेनऊशे कोटींहून अधिक नोंदी भरतात. बिंदू समान अंतरावर असल्यामुळे फूरिए रूपांतराच्या साहाय्याने हे अवाढव्य दप्तर साठविणे टळते. मग अंदाजी उत्तर फेरीफेरीने सुधारत न्यायचे; दर फेरीस शेष त्रुटीचा आकडा माझ्यासमोर पडद्यावर उमटतो. तो कधी झरझर उतरतो, तर अपवर्तनांक मोठा असलेल्या कणापाशी एकाच जागी घुटमळत राहतो.

त्रुटी उतरली म्हणून उत्तर मंजूर होत नाही. त्याच जाळीवर आधी गोल मांडून, गुस्टाव मी यांच्या उत्तराशी त्याची रुजवात घालावी लागते. जाळी अधिक दाट करून आकडे ढळत नाहीत ना, हे पाहावे लागते. आणि अवकाशात कण कसाही वळलेला असू शकतो, म्हणून तो नाना दिशांना फिरवून सरासरी काढावी लागते.

या परिश्रमांचे मोल मोठे आहे. एकदाच विखुरून सरळ मागे फिरलेल्या प्रकाशाचे रेखीय ध्रुवीकरण गोल कण अबाधित राखतो आणि अनियमित कण ते बिघडवितो; लेसरच्या साहाय्याने वातावरण तपासणारे लायडार याच भेदावरून धूळ आणि पाण्याचे थेंब वेगळे ओळखते. तेव्हा गोलाचा उपयोग रुजवातीपुरता अवश्य करावा. मात्र केवळ हिशेब सोपा होतो म्हणून धुळीलाच गोल मानणे, हे तिच्याविषयीची मुख्य साक्ष नोंदीतून वगळण्यासारखे आहे.