कंपनीची कार, घाटाला बेजार

ऑफर लेटरमध्ये ‘कंपनी कार’ दिसली की आपण पगाराचा आकडाही नीट बघत नाही. वॉटर ट्रीटमेंटची मशिन्स विकणारा माझा महाडचा मित्र त्यातलाच. महाड-लोट्याचे कारखाने, महाबळेश्वरची हॉटेलं, महिन्याला चार हजार किलोमीटर. गाडी मात्र मुंबईच्या अ‍ॅडमिनने निवडलेली: १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक!

२००६च्या बजेटने चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांची एक्साइज २४वरून १६ टक्क्यांवर आणली. तेव्हापासून गाड्या त्याच मापात बेतल्या जातात. सप्टेंबर २०२५च्या जीएसटीतही रेघ तीच. आत १८ टक्के, बाहेर ४०. कंपन्या स्वस्तातलं घेणारच.

सिटीत ही गाडी झकास. पण पोलादपूरहून आंबेनळी घाट चढा. डिकीत मशिनचे पार्ट, पुढे एसटी. ओव्हरटेकला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी नुसता आवाज येतो. तेवढ्यात वळण. मग एसी बंद, सेकंड गिअर, आणि शेजारी मी दरीकडे न बघता घामाघूम. लोट्याला जाताना निदान कशेडीचा बोगदा आहे, २०२३च्या गणपतीत त्याची एक बाजू उघडली. आंबेनळीला तीही सोय नाही.

त्याने डिझेल गाडी मागितली. एचआरचं उत्तर, ‘तुमच्या ग्रेडला बसत नाही.’ ज्यांच्या ग्रेडला बसते ते साहेब ती अंधेरी ते लोअर परळ चालवतात!

आता गाडी परत करून किलोमीटरमागे भत्ता घ्यायचं त्याने ठरवलंय. रविवारी पुण्याला सेकंडहँड डिझेल बघायला निघालाय, ताम्हिणीमार्गे. म्हणजे पुन्हा घाटच.