गालाखालचं लाकूड

बेळगावच्या कॅम्पात वाढलेल्या माणसाला रायफलीचं अप्रूप नसतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं प्रशिक्षण केंद्र 1922 पासून इथं आहे. निपाणी-चिकोडीकडे आणि पलीकडे चंदगड-गडहिंग्लजात एखादा निवृत्त सुभेदार गाठायला फार शोधाशोध करावी लागत नाही. त्यांना छेडलं तर नळी, बोल्ट, मॅगझिन, शिस्त घेणं यावर ते तासभर बोलतील. दस्ता मात्र एका वाक्यात संपतो: खांद्यात घट्ट दाबायचा. गालाचा विषय निघतच नाही, आणि नेमाचा निम्मा खेळ तर गालावर आहे.

नेम धरायचा म्हणजे मागची साइट, पुढची माशी आणि लक्ष्य डोळ्याशी एका रेषेत आणायचं. साइट आणि माशी लोखंडात घट्ट बसलेल्या असतात. डोळा मात्र मानेवर असतो आणि मान हलते. गालाचं हाड प्रत्येक वेळी लाकडावर त्याच जागी टेकलं, तरच डोळा त्याच जागी येतो. दस्त्याची वरची कड बुटकी असेल तर गालाऐवजी हनुवटी टेकते, मान अवघडते आणि प्रत्येक गोळीला डोळा थोडा इकडेतिकडे सरकतो. जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीवर पोरं मान वाकडी करून एक डोळा मिटतात आणि फुगा तसाच हलत राहतो, त्यात बंदुकीइतकाच दोष या उंचीचाही असतो.

लष्कराला हे ठाऊक नव्हतं असं नाही. दोन्ही महायुद्धांत मराठा पलटणींच्या हाती असलेली .303 ली-एनफिल्ड वेगवेगळ्या लांबीच्या दस्त्यांत मिळे. सर्वांत आखूड दस्त्यावर 'बी' अक्षराचा ठसा असे, म्हणजे बँटम. लांबीची सोय झाली, उंचीची नाही. उंचीकडे लक्ष गेलं ते दुर्बिणीमुळे. दुसऱ्या महायुद्धात नंबर 4 रायफलीवर दुर्बीण चढवून स्नायपरसाठी 'टी' प्रकार तयार केला गेला. दुर्बीण साध्या साइटपेक्षा बरीच वर बसते, तेव्हा डोळाही वर न्यावा लागला. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या नामांकित बंदूकवाल्यांनी या रायफली तयार करताना दस्त्यावर चक्क लाकडाचा एक उंचवटा स्क्रूने आवळला. गाल टेकायची सैन्यातली गालपट्टी ती हीच. पण तिची उंची ठरलेली. ज्याचा चेहरा लांब त्याने आपलं आपण बघून घ्यावं! फौजेत माणूस रायफलीशी जुळवून घेतो.

खेळात उलटं चालतं, आणि त्याचा दाखला शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातच आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवलं. त्याचा प्रकार 50 मीटर रायफल थ्री पोझिशन: गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून. तिन्ही अवस्थांत मानेचा कोन वेगळा असतो, म्हणून या प्रकारातले नेमबाज प्रत्येक अवस्थेसाठी गालपट्टी वरखाली करतात. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. 10 मीटर एअर रायफलमध्ये तर दहा गुणांची जागा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. तिथं गाल केसभर सरकला तरी महागात पडतं.

जर्मनीतल्या उल्म शहरच्या आन्शुत्झ आणि वॉल्थर या कंपन्यांच्या रायफलींवर अशी पट्टी कारखान्यातूनच येते. पण साध्या लाकडी दस्त्याची एअर रायफल हाती असेल तर हे काम सुताराचं, आणि सुताराने करवत उचलण्याआधी नेमबाजाने चार दिवस थांबायचं. दस्त्यावर पुठ्ठ्याचे आणि फेल्टचे थर चिकटपट्टीने बांधत जायचं. डोळे मिटून गाल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. माशी मागच्या साइटच्या बरोबर मध्ये दिसेपर्यंत थर वाढवायचे किंवा काढायचे. जमलं की थरांची जाडी मोजायची. घाई करणारे इथेच फसतात. चुकीच्या जागी कापलेला दस्ता सांधता येतो, पण तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

मग दस्त्याच्या वरच्या कडेचा एक तुकडा कापून तो दोन दांड्यांवर वरखाली होईल असा बसवायचा. यातली खरी मख्खी म्हणजे आधी भोकं, मग काप. दस्त्याच्या वरच्या कडेतून दोन उभी, समांतर भोकं ड्रिल मशीनवर पाडायची आणि त्यानंतरच आडवी करवत चालवायची. उलट केलं तर वरची नि खालची भोकं कधीच एका रेषेत येत नाहीत. मुठीजवळच्या निमुळत्या भागाकडे काप न्यायचा नाही. तिथं लाकडाची शीर तुटली की दस्ता चिरतो. कापलेला तुकडाच गालपट्टी होतो, म्हणून रंग आणि शिरा आपसूक जुळतात. त्यात दोन स्टीलचे दांडे पक्के बसवायचे, आणि खालच्या भागात त्यांच्यासाठी पितळी बुश, म्हणजे दांडे ज्यांत सरकतात त्या छोट्या नळ्या. असले बुश कातायला बेळगावात लांब जावं लागत नाही. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकचे सुटे भाग करणाऱ्या लेथवाल्याला शतांश मिलिमीटरची सवयच असते. बाजूने दांडा आवळणाऱ्या स्क्रूच्या टोकापुढे पितळेची छोटी गोळी ठेवायची, म्हणजे दांड्यावर चरे पडत नाहीत आणि पट्टी हव्या त्या उंचीला थांबते.

बोल्ट असलेल्या रायफलीत आणखी एक अडचण येते. पट्टी वर केली की मागे येणारा बोल्ट तिच्यावर आदळू शकतो, म्हणून पुढचं टोक खाचून घ्यावं लागतं. शिवाय काडतुसाच्या बंदुकीत फेरफार करायचा तर 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना असलेला कारागीरच गाठायला हवा. गल्लीतला सुतार कितीही हुशार असो, त्याला त्यात ओढू नये.

शेवटी कानस, बारीक पॉलिश पेपर आणि अळशीचं तेल. कापलेल्या तोंडांना आणि भोकांच्या आतल्या भिंतींना तेल पाजायला बहुतेक जण विसरतात. बेळगावच्या पावसात उघडं लाकूड फुगतं, बुश आवळले जातात आणि जुलैत पट्टी जागची हलत नाही. तशी अडकली तर ठोकाठोक करायची नाही. स्क्रू पूर्ण सैल करून दस्ता कोरड्या खोलीत ठेवायचा, लाकूड सुकलं की दांडे ओढून काढायचे आणि भोकांना पुन्हा तेल द्यायचं.