सांगितलेली चूक

विमान आकाशातून एकदम खाली येत नाही. जिना उतरावा तसे ते टप्प्याटप्प्याने उतरते. कोठे किती उंचीखाली यावयाचे नाही, हे वैमानिकाजवळील नकाशात लिहिलेले असते. ढगांत जमीन दिसत नाही, तेव्हा हे आकडेच त्याचे डोळे होत.

१ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे एक प्रवासी विमान येत होते. आकाश ढगांनी भरले होते. जमिनीवरील नियंत्रकाने उतरण्यास अनुमती दिली. अनुमती मिळाली म्हणजे वाट निर्धोक असणार, असे समजून वैमानिक १,८०० फुटांपर्यंत खाली येऊ लागले. वैमानिक डोंगर ओलांडीपर्यंत योग्य उंची राखतील, असे नियंत्रकाने गृहीत धरले. विमान डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९२ माणसे मृत्युमुखी पडली.

चौकशीत एक गोष्ट उघड झाली. सहाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे विमान तेथेच असे खाली आले होते; ते थोडक्यात बचावले. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, परंतु ती वार्ता इतर कंपन्यांपर्यंत पोहोचली नाही.

म्हणून १९७६ साली अमेरिकेत नवी व्यवस्था सुरू झाली. वैमानिक व नियंत्रक आपल्या चुका नासा या संस्थेस कळवितात. संस्था नावे गाळून त्यांतील बोध सर्वांना कळविते. चूक लपविली, तर तिच्यापासून कोणीच शिकत नाही. प्रांजळपणे सांगितली, तर ती अनेकांचे प्राण वाचवू शकते.