जुन्या लाकडाची पारख

ग्वाल्हेरच्या जयविलास महालात, दरबार हॉलमध्ये शिरलेला माणूस आधी वर पाहतो. छताला टांगलेल्या दोन झुंबरांपैकी प्रत्येकाचे वजन साधारण साडेतीन टन आहे. एवढे ओझे छताला पेलेल का, हे अजमावण्यासाठी उतार बांधून हत्तीच छतावर चढवले होते, अशी कथा तिथे हमखास ऐकायला मिळते. ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांनी हा महाल १८७४ मध्ये उभारला. आराखडा मायकेल फिलोज यांचा. त्यांचे मूळचे इटालियन घराणे शिंद्यांच्या चाकरीत होते. पण जुन्या फर्निचरचा नाद असलेल्याने झुंबरांवरून नजर काढून खाली, खुर्च्यांच्या पायांकडे वळवावी. जुना बाजार हिंडण्याआधीची शिकवणी इथे होते.

१९६४ मध्ये महालाच्या एका भागात जिवाजीराव शिंद्यांच्या स्मरणार्थ वस्तुसंग्रहालय सुरू झाले. जेवणाच्या लांबलचक टेबलावर रुळांवरून फिरणारी, पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार नेणारी चांदीची आगगाडी इथली सर्वांत प्रसिद्ध वस्तू. काचेचा पाळणाही पाहण्यासारखा. एकोणिसाव्या शतकात संस्थानिकांना अशा काचसामानाचे मोठे वेड होते. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने तर कोलकात्यातच दुकान थाटले होते, आणि उदयपूरच्या महाराणा सज्जनसिंहांनी १८७७ मध्ये तिच्याकडे काचेचे फर्निचर मागवले.

असल्या वस्तू बाजारात क्वचितच येतात. तरी त्या पाहायच्या, कारण शेजारी विक्रेता उभा नसतो. शंभर वर्षे हात टेकून टेकून खुर्चीचा दांडा कुठे गुळगुळीत होतो, कोरीव पानांच्या खोबणीत पॉलिश कसे काळवंडते, जुना आरसा कडेने कसा डागाळतो, हे इथे घाई न करता न्याहाळता येते.

संग्रहालयाबाहेरचे जुने सामान मात्र फिरते असते. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून ग्वाल्हेरची लष्कर ही वस्ती उभी राहिली. तिथे मराठी सरदार-मानकऱ्यांचे वाडे झाले आणि वाड्यांत बैठकीची टेबले, शिसवी कपाटे, हंड्या, तसबिरी आल्या. १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झाले, १९५१ च्या कायद्याने जहागिऱ्या गेल्या आणि १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. त्यानंतर घरे वाटली गेली, वाड्यांच्या जागी फ्लॅट आले. आठ फूट उंचीचे कपाट फ्लॅटच्या जिन्यातून वर चढत नाही. ही गत एकट्या ग्वाल्हेरची नाही. पुणे, सातारा, इंदूर, बडोदा, सगळीकडे वाडा पडला की आधी सामान दारात येते आणि मग जुने सामान घेणाऱ्याच्या टेम्पोत चढते.

त्या टेम्पोचा एक ओळखीचा मुक्काम म्हणजे मुंबईचा चोर बाजार. भेंडी बाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवर अरुंद, अंधारी, माळ्यापर्यंत ठासून भरलेली दुकाने आहेत. ग्रामोफोनचे कर्णे, जहाजावरचे दिवे, चिनी मातीच्या बरण्या, सिनेमाची पोस्टरे आणि या सगळ्याच्या मागे दडलेले एखादे आरशाचे टेबल. शुक्रवारी ही दुकाने सहसा बंद असतात आणि रस्त्यावर पथाऱ्यांचा जुम्मा बाजार भरतो. फर्निचरच हवे असेल तर जोगेश्वरी-ओशिवऱ्याची गोदामे अधिक सोयीची. मोडीत निघालेल्या जहाजांवरचे सामान हवे असेल, तर भावनगरजवळ अलंगच्या रस्त्याला त्याची दुकानेच आहेत.

दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न लाकडाचा. शिसव जड, जांभळट-तपकिरी. साग त्याहून हलका, सोनेरी आणि तेलकट स्पर्शाचा. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे कारागीर शिसवी लाकडावर इंच न इंच कोरीव काम करत आणि मेडोज स्ट्रीट या सामानासाठी नावाजलेली होती. घाट युरोपचा, पण वेल, पक्षी आणि हात इथले. म्हणूनच ‘विलायती’ म्हणून विकले जाणारे पुष्कळसे फर्निचर प्रत्यक्षात देशी सुतारांनी घडवलेले असते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

दुसरा प्रश्न सांध्यांचा. खण पूर्ण बाहेर ओढून उलटा करावा. हाताने कापलेल्या सांध्याचे दात थोडे लहानमोठे असतात, यंत्राचे एकसारखे. खणाचा तळ प्लायवुडचा निघाला तर तो नंतर बसवलेला असू शकतो. स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच असेल तर तो १९३० च्या दशकानंतरचा, कारण तसा स्क्रू त्याआधी बाजारात आलाच नव्हता. एका स्क्रूवरून आख्खे कपाट खोटे ठरत नाही, पण किंमत बोलायला आधार मिळतो.

इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांनाही मोठी मागणी असते. मिखाएल थोनेट यांच्या कारखान्याने १८५९ मध्ये ‘१४ नंबर’ची खुर्ची आणली, सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यात ती जुळते. पुढे अनेक कारखान्यांनी तिच्या नकला केल्या. बैठकीच्या खालच्या बाजूला छाप किंवा चिठ्ठी आहे का, हे म्हणूनच बघायचे.

तसबिरींचे तंत्र वेगळे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या चित्रांच्या नव्या प्रतीही जुन्या चौकटीत घालून विकल्या जातात. खिशात भिंग ठेवावे. आजच्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके आखीव रांगांत दिसतात. जुन्या शिळाछापात ते वेडेवाकडे असतात.

लाकडावर बारीक भोके दिसली की घाबरायचे कारण नाही. मात्र भोकाखाली ताजी भुकटी पडलेली असेल, तर कीड अजून जिवंत आहे. अशी वस्तू घरातल्या इतर लाकडाशेजारी ठेवू नये. पॉलिशही जपून करावे. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले जुने पॉलिश दुरुस्त करता येते. ते खरवडून चकचकीत नवा थर चढवला, की वस्तूचे वय आणि मोल दोन्ही पुसले जाते.

कायदाही ठाऊक हवा. १९७२ च्या पुरावशेष व बहुमोल कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. ती देशात घेता-विकता येते, पण तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाकडे आजोबांचे टेबल पाठवायचे असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा.

ज्यांच्या घरी असे सामान अजून आहे, त्यांनी ते टेम्पोत चढण्यापूर्वी एवढे तरी करावे : प्रत्येक वस्तूचा फोटो काढावा, मापे घ्यावीत आणि ती कोणी, कुठून, साधारण कधी आणली हे घरातल्या थोरांना विचारून लिहून ठेवावे. हा कागद सोबत असेल तर भाव चांगला येतो, आणि सामान घरातच राहिले तर पुढच्या पिढीला ते कशासाठी जपायचे हे कळते.