मुखवटा हीच सनद

सनदा, महजर व वतनपत्रें यांच्या संग्राहकांस येथें एका अलिखित दप्तराचा परिचय करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूव्हर बेटाच्या उत्तर भागीं व समोरील मुख्य भूमीवर, क्वाक्वकवाक्व लोकांची वस्ती आहे. त्यांचे काष्ठमुखवटे अनेक पदार्थसंग्रहालयांत आहेत. पण तेथें ते शिल्प म्हणून पाहिले जातात, आणि मूळ मुद्दा सुटतो.

मुखवटा बहुधा तांबड्या सीडरच्या लांकडाचा असतो. वाकसानें तासून व वांकड्या पात्याच्या सुरीनें कोरून तो घडवितात. कांहींस दोऱ्या असतात. नाचणाऱ्यानें दोरी ओढतांच बाहेरील पशूचा किंवा पक्ष्याचा चेहरा दुभंगून आंतून मनुष्यमुख प्रकट होतें. मूळपुरुषानें पशुरूप टाकल्याची कुलकथा अशी डोळ्यांदेखत घडते. हामात्सा नृत्यांतील पक्ष्यांच्या लांब चोंचीहि दोरीनेंच खटाखट मिटतात.

परंतु कोरणारा हा त्याचा धनी नव्हे. मुखवटा नाचविण्याचा आणि त्यासोबतचें गीत व नांव धारण करण्याचा हक्क कुळाचा. विवाहसंबंधानें तो दुसऱ्या कुळांतहि जातो. पॉटलॅच नामक समारंभांत तो निमंत्रितांपुढें मांडावयाचा व देणग्या देऊन त्यांस साक्षी करावयाचें. आमच्याकडे महजरावर गोताच्या साक्षी पडत, तसेंच हें. लांकूड कुजलें तर दुसरा मुखवटा कोरतां येतो; साक्षच बंद झाली तर हक्क सिद्ध कसा व्हावा?

नेमका हाच घाला पडला. १८८५ पासून कॅनडाच्या कायद्यानें पॉटलॅच हा गुन्हा ठरला. डिसेंबर १९२१ मध्यें व्हिलेज आयलंड येथें डॅन क्रॅनमर यांनीं केलेल्या समारंभाबद्दल ४५ जणांवर आरोप ठेवले गेले. विधिसामग्री स्वाधीन केल्यास शिक्षा तहकूब, अशी अट पडली. तरी कित्येकांस कारावास घडलाच. मुखवटे ओटावा व टोरोंटो येथील संग्रहालयांत गेले; कांहीं जॉर्ज हाय या अमेरिकन संग्राहकानें विकत घेतले. त्यास लांकूड मिळालें, हक्क नव्हे. हा भेद आम्हां संग्राहकांस विशेष बोंचावा.

बंदी १९५१ मध्यें कायद्यांतून गळली. पुढें बऱ्याच वस्तु परत आल्या व त्यांकरितां १९७९ मध्यें केप मज येथें आणि १९८० मध्यें अलर्ट बे येथें संग्रहालयें उघडलीं. दुसऱ्याचें नांव ऊमिस्ता. शत्रूनें धरून नेलेला मनुष्य घरीं परतला, म्हणजे त्यास ‘ऊमिस्ता’ लाभली असें पूर्वीं म्हणत. तेथें हे मुखवटे कांचेच्या कपाटांत न कोंडतां, समारंभांत ज्या क्रमानें येत त्याच क्रमानें उघडे मांडले गेले.