मांजरीचें बाळंतपण

मांजरी व्याली कीं मुलें तिच्याभोंवतीं गर्दी करितात व पिलांच्या तोंडाशीं गाईचें दूध नेतात. हें प्रेम घातक होय. त्या दुधानें पिलांस हगवण लागते. नवजात पिलूं सुमारें १०० ग्रॅम वजनाचें, आंधळें व बहिरें असतें, आणि त्यास स्वतःची ऊब राखतां येत नाहीं. म्हणून भुकेइतकेंच थंडीचें भय. खोक्यांत जुनें लुगडें अंथरून तें निवाऱ्याच्या, अंधाऱ्या कोपऱ्यांत ठेवावें. गारठलेल्या पिलास प्रथम हळूहळू ऊब द्यावी, मगच आईस पाजूं द्यावें. थंड अंगीं दूध पचत नाहीं. आईस मात्र नेहमींच्या दुप्पट अन्न लागतें. तिनें पिलें दुसरीकडे हलविलीं तर परत आणूं नयेत. डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसांत आपोआप उघडतात. ते बोटांनीं उघडूं पाहणारा एखादा उत्साही बंधु बहुतेक घरीं असतोच, त्यास आवरावें.