साठ वर्षांच्या बेसचा आवाज कशात असतो?

जुनी बेस गिटार विकत घ्यायला आलेला जाणकार संग्राहक ती आधी वाजवत नाही. खोलीतले दिवे घालवून तो तिच्यावर अतिनील दिव्याचा झोत टाकतो. साठ वर्षं हवा आणि ऊन खाल्लेलं नायट्रोसेल्युलोज लॅकर त्या झोतात पिवळट हिरवं उजळतं. मधेच काळपट ठिगळ दिसलं, तर तिथे नंतर कुणीतरी रंग मारला आहे. मग स्क्रू काढून पिकगार्ड, म्हणजे अंगावरचं संरक्षक झाकण, उचलायचं. आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या पॉटच्या कडेवर किंवा पाठीवर आकडे असतात. उदाहरणार्थ 304 6618. यातला 304 हा स्टॅकपोल या उत्पादकाचा क्रमांक, 66 म्हणजे 1966 साल आणि 18 म्हणजे त्या वर्षातला अठरावा आठवडा. चार स्क्रू सोडवून मान अंगापासून वेगळी केली, की तिच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याने उमटवलेली तारीख सापडते. पॉट मानेपेक्षा थोडा जुना निघाला तर बिघडत नाही, कारण सुटे भाग कारखान्यात पडून असत. पॉट मानेपेक्षा बराच नवा निघाला, तर मधल्या काळात कुणाचा तरी हात आत फिरला आहे.

एवढी तपासणी पैशासाठी होते. जानेवारी 1965 मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने 1 कोटी 30 लाख डॉलरला फेंडर ही गिटार आणि बेस बनवणारी कंपनी विकत घेतली. त्याआधीचे बेस आणि नंतरचे बेस, अशी बाजाराची उभी वाटणी आजही आहे. पण या तपासणीतून सिद्ध होतं ते वाद्याचं वय. त्या वयामुळे आवाज चांगला होतो का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला भौतिकशास्त्राने बऱ्यापैकी नेमकं उत्तर दिलेलं आहे. माझ्या मते जुन्या बेसमधलं आपल्याला जे आवडतं, त्यातलं बहुतेक सगळं त्याच्या मापांत, तारांत आणि वाजवणाऱ्याच्या बोटांत असतं. वयाचा वाटा त्या मानाने लहान.

ही कंपनी काढणारा लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा. शिक्षण हिशेबनिसाचं, धंदा रेडिओ दुरुस्तीचा, आणि गिटार स्वतःला वाजवता येत नसे. त्याच्या आधी, 1930 च्या दशकात, सिॲटलच्या पॉल टटमार्कने विजेवर चालणारा, आडवा धरायचा बेस बनवला होता. तो फारसा चालला नाही. फेंडरचा प्रिसिजन बेस 1951 च्या अखेरीस आला आणि टिकला. तोवर वाद्यवृंदात खालचे सूर सांभाळायला माणसाएवढा उंच डबल बेस असे. गाडीच्या टपावर बांधून न्यायचा, आणि ढोल-तुताऱ्यांच्या गदारोळात तो ऐकूही यायचा नाही.

तारेचा सूर तिची लांबी, ताण आणि वजन यांवर ठरतो. फ्रेंच पंडित मेर्सेनने 1636 मध्ये हे नियम छापले. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला 41 वेळा कंप पावायला हवी. डबल बेसवर तिला साधारण 105 सेंटिमीटर लांबी मिळते. फेंडरने ती 34 इंचांवर, म्हणजे 86 सेंटिमीटरवर आणली. लांबी घटली तर वजन वाढवावं लागतं. पण नुसती जाड तार घेतली तर ती सळईसारखी ताठर होते, तिचे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे उंच सूर, चढे लागतात आणि आवाज बेसूर, पत्र्यासारखा येतो. म्हणून आत बारीक पोलादी गाभा आणि त्याभोवती दुसऱ्या तारेचे वेढे. वजन मिळतं आणि लवचीकपणाही राहतो. चार तारांचा मिळून ताण 80 किलोच्या आसपास असतो. मेपलची सडपातळ मान तो कायम सोसते, आणि तिच्या पोटातली पोलादी सळी, म्हणजे ट्रस रॉड, तिला वाकू देत नाही.

आवाज उचलण्याचं काम पिकअपचं. अल्निको या ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टयुक्त मिश्रधातूच्या लहान दांड्या, आणि त्यांच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकामुळे वरची पोलादी तारही थोडी चुंबकीय होते. ती हलली की वेढ्यांतून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि त्यात वीज उपजते. फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेली ही गोष्ट आहे. अडचण एकच: हे वेढे घरातल्या वायरिंगची घरघरही पकडतात. भारतात ही घरघर 50 हर्ट्झची असते आणि जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा, म्हणजे मानेवरच्या तिसऱ्या धातूच्या पट्टीवरचा, सूर 49 हर्ट्झचा असतो. इथल्या बेसवाल्याला ती घरघर छळते, कारण ती थेट त्याच्याच सुरावर येऊन बसते. फेंडरने 1957 मध्ये पिकअपचे दोन तुकडे केले. दोन तारा एका तुकड्यावर, दोन दुसऱ्यावर. वेढे उलट दिशेने, चुंबकही उलटे. बाहेरची घरघर दोन्हींत परस्परविरुद्ध येते आणि रद्द होते. तारांचा आवाज शाबूत राहतो.

आता जागेचं बघा. तार एकाच वेळी अख्खी हलते, अर्ध्या-अर्ध्या भागांत हलते, तीन भागांत, चार भागांतही हलते. चार भागांच्या कंपनात ब्रिजपासून, म्हणजे तारांच्या अंगाकडच्या टेकूपासून, बरोबर पाव लांबीवरचा बिंदू स्थिर असतो. पिकअप नेमका तिथे बसवला तर चौथा स्वरांश त्याला सापडतच नाही. पिकअप जरा सरकवला की दुसराच कुठला स्वरांश हरवतो. फेंडरचा 1960 साली आलेला जॅझ बेस दोन पिकअपचा. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातला मागचा पिकअप ब्रिजच्या दिशेने जेमतेम एक सेंटिमीटर सरकवला गेला. साठच्या दशकातला जॅझ बेस गुबगुबीत आणि सत्तरच्या दशकातला धारदार, असं वादक सांगतात. त्या धारेचा बराच भाग या एका सेंटिमीटरचा आहे. लाकडाने किती वर्षं पाहिली याचा त्याच्याशी संबंध नाही.

ज्या आवाजाला जग ‘जुना बेस’ म्हणून ओळखतं, तो बहुधा डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओतल्या जेम्स जेमरसनचा. त्याच्याकडे 1962 चा प्रिसिजन बेस होता. त्यावर पृष्ठभाग सपाट असलेल्या जाड तारा, आणि त्या तो बदलतच नसे. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. उजव्या हाताची फक्त तर्जनी. स्टुडिओत बेस बहुतेकदा थेट ध्वनिमुद्रणाच्या टेबलाला जोडलेला, मधे स्पीकरच नाही. सपाट तारेत वरचे स्वरांश मुळातच कमी, फोम त्यांना लगेच दाबतो, आणि प्रत्येक सूर जाडसर, छोटा, गोल निघतो. हे सगळं घडत होतं तेव्हा तो बेस जुना नव्हता. दोन-चार वर्षांचा होता! आज आपण ज्याला पिकलेला आवाज म्हणतो, तो नव्या कोऱ्या वाद्यावर ध्वनिमुद्रित झालेला आहे. जेमरसनचं हे वाद्य 1983 मध्ये, त्याच्या मृत्यूच्या जरा आधी, चोरीला गेलं.

तारेत किती काही असतं, हे घरच्या गॅसवर बघता येतं. महिनोन्महिने वाजवलेली, आवाज बसलेली गोल वेढ्यांची तार उतरवा, तिचं सैल वेटोळं करा आणि पातेल्यात दहा मिनिटं उकळा. पाणी गढूळ होतं, वर तेलकट तवंग येतो. हा घाम, त्वचेचं तेल आणि बोटांची मृत कातडी वेढ्यांच्या फटींत बसलेली असते. ती तिथे घर्षण वाढवते आणि सर्वांत आधी वरचे स्वरांश मारते. तार पुसून पूर्ण वाळवून पुन्हा चढवली, की काही दिवस ती नव्यासारखी झणझणते. म्हणजे जेमरसनच्या गोलाईचा एक हिस्सा शब्दशः मळाचा होता, आणि तो त्याने जाणूनबुजून राखला होता.

यात आपल्या कानाचंही काम मोठं आहे. तळहाताएवढ्या स्पीकरच्या ट्रान्झिस्टरवर, विविध भारती लावून, आपण राहुलदेव बर्मनच्या गाण्यांतला बेस ऐकत आलो. तो स्पीकर 41 हर्ट्झचा कंप काढूच शकत नाही. त्यातून येतात ते 124, 165, 206 असे वरचे स्वरांश. त्यांच्यातलं अंतर दर वेळी 41 चं आहे हे मेंदू ताडतो आणि हवेत नसलेला मूळ सूर आपल्याला ऐकवतो. झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाने 1840 च्या दशकात हे नोंदवलं; शतकभराने नेदरलँड्सच्या स्काउटेनने त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. बेसचा पाया मेंदूत रचला जातो, हे मला या वाद्यातलं सर्वांत सुंदर विज्ञान वाटतं.

मग लाकूड? व्हायोलिनच्या बाबतीत याची चाचणी झाली आहे. संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिन बनवणारे जोसेफ कर्टिन यांनी 2010 मध्ये इंडियानापोलिसला 21 वादकांच्या डोळ्यांवर गडद चष्मे चढवले आणि त्यांना सहा व्हायोलिनं दिली: तीन नवी, दोन स्ट्राडिव्हरी, एक ग्वार्नेरी. वादकांना जुनी कोणती आणि नवी कोणती हे खात्रीने सांगता आलं नाही, आणि सर्वांत जास्त पसंती एका नव्या वाद्याला मिळाली. बेसच्या भरीव अंगाकडे आवाज हवेत पसरवण्याचं कामही नसतं, त्यामुळे लाकूड पिकण्याचे दावे मी जपूनच घेतो. चुंबक ‘म्हातारे’ झाल्याने आवाज मऊ होतो असंही म्हणतात. पण अल्निको आपणहून फारच कमी शक्ती गमावतं. दुसऱ्या चुंबकाशी भिडलं किंवा तापलं तर गोष्ट वेगळी.

मानेचं लाकूड मात्र खरोखर ऐकू येतं, आणि ते दोष म्हणून. फेंडर पद्धतीच्या कितीतरी बेसवर सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो. माझ्याही बेसवर तो पाचव्या फ्रेटवर आहे: शेजारचे सूर रेंगाळतात, हा मधेच बसतो. हेल्मुट फ्लाइशर या जर्मन संशोधकाने याचं मोजमाप केलं. त्या सुराची कंपनसंख्या मानेच्या स्वतःच्या कंपनसंख्येला जुळली, की तारेतली ऊर्जा मानेत उतरते. डोक्याकडच्या टोकाला छोटा क्लॅम्प लावून वजन वाढवलं, तर मानेची कंपनसंख्या घटते आणि तो मृत सूर दुसरीकडे सरकतो. साठ वर्षं जुन्या, लाखमोलाच्या बेसवरही असा सूर सापडतो. गिऱ्हाइकाने झोत टाकण्याआधी तो शोधावा.

वय दिसतं ते रंगात. फेंडर मोटारींचे रंग वापरत असे. लेक प्लॅसिड ब्लू आणि ऑलिम्पिक व्हाइट हे डुपॉन्टच्या मोटारींच्या रंगांच्या यादीतले. त्यावरचं पारदर्शक नायट्रो लॅकर उन्हाने पिवळं पडतं. पिवळ्या काचेतून निळा हिरवट दिसतो, पांढरा साईसारखा होतो. अतिनील झोतात जे उजळतं तेही हेच मुरलेलं लॅकर. त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे साठच्या दशकातली कासवाच्या पाठीसारखी दिसणारी पिकगार्डं. ती सेल्युलॉइडची, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचीच. ती आकसतात, स्क्रूजवळ तडकतात आणि नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सोडतात. ते वायू साठून राहिले तर हीच झीज आणखी वेगाने होते, आणि शेजारच्या धातूवर गंज चढतो. म्हणजे असा बेस बंद पेटीत ठेवून कपाटात दडवला, तर स्क्रू आणि पॉट त्याच्याच श्वासाने खराब होतात. किमतीसाठी बेस पेटीत कोंडणाऱ्या संग्राहकांचा मला मनापासून राग येतो, आणि या बाबतीत रसायनशास्त्र माझ्या बाजूने आहे.

वाद्य वापरण्याचं टोक बेसवादक जाको पास्टोरियसने गाठलं. त्याने 1962 च्या जॅझ बेसचे फ्रेट उपटले, खाचा भरल्या आणि बोटाखालच्या पट्टीवर होड्यांना लावायचं इपॉक्सी चढवलं, कारण गोल वेढ्यांच्या तारांनी लाकूड कातरलं असतं. त्या कडक, गुळगुळीत पृष्ठभागाला तार हलकेच घासत राहते आणि सूर उमटल्यावर फुलत जातो. मिरजेत तानपुऱ्याला जवारी लावतात, तेव्हा घोडीवर घडतं ते याच जातीचं. तिथे तारेखाली धागा सरकवून तो स्पर्श साधतात. भौतिकशास्त्रज्ञ रामन यांनी 1921 मध्ये वीणा-तानपुऱ्याच्या घोडीवर लिहिताना दाखवलं होतं, की असा वक्र आधार मिळाला तर तार जिथे छेडली तिथे हरवायला हवे असलेले स्वरांशही ऐकू येतात. जाकोचा बेस 1986 मध्ये न्यूयॉर्कमधून चोरीला गेला आणि वीसेक वर्षांनी पुन्हा सापडला. आज एखाद्याने 1962 च्या अस्सल बेसचे फ्रेट असे उपटले, तर बाजार त्याची किंमत एका क्षणात पाडेल.

जुन्या फेंडरच्या पट्टीवरचं गडद लाकूड ब्राझीलचं रोझवूड. साठच्या दशकाच्या मध्यानंतर त्याची जागा बहुतांशी भारतीय रोझवूडने घेतली. तो आपला शिसव, सह्याद्रीतही वाढणारा आणि जुन्या वाड्यांतल्या पलंगांत आजही शाबूत असलेला. ब्राझीलच्या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1992 पासून साइट्स या वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराखाली जवळजवळ बंद आहे. जानेवारी 2017 मध्ये शिसवासकट त्या प्रजातीतल्या सगळ्याच जाती नियंत्रणाखाली आल्या. तयार वाद्यांना सूट मिळाली ती 2019 मध्ये, पण ब्राझीलच्या जातीला नाही. ब्राझीलच्या लाकडाचा जुना बेस परदेशातून आणायचा तर कागदपत्रं आधी, बेस नंतर.

आणि कोकणपट्टीत किंवा मुंबईत तो ठेवायचा तर पावसाळ्याची तयारी हवी. जूनमध्ये हवेतली आर्द्रता चढते, लाकूड ओलावा पिऊन फुगतं, मान वाकते आणि तारा फ्रेटपासून वर जातात किंवा फ्रेटवर खरखरतात. खोलीतली आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांदरम्यान राखता आली तर उत्तम. तरीही मान हललीच तर तारा आधी सैल करा, ट्रस रॉड एका वेळी पाव वळसाच फिरवा, तारा पुन्हा सुरात लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या व शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मधली फट बघा. जुन्या प्रिसिजनवर या सळीचा स्क्रू मानेच्या बुडाशी असतो, त्यामुळे दर वेळी मान थोडी सोडवावी लागते. तेवढ्यात आतली पेन्सिलीची तारीखही वाचून होते.